राजा परांजपे आणि ‘पाठलाग’

मंडळी, राजा परांजपे म्हटलं की लोक ‘लाखाची गोष्ट’ आठवून हसतात, नाहीतर ‘ऊन पाऊस’मधले ताटातूट झालेले म्हातारा-म्हातारी आठवून गहिवरतात. ते बरोबरच आहे. १९१० साली मिरजेत जन्मलेल्या या माणसानं गदिमा आणि सुधीर फडके यांच्या साथीनं मराठी मध्यमवर्गाला पडद्यावर आणलं. पण आज आम्ही बोलणार आहोत ते १९६४ च्या ‘पाठलाग’विषयी. मूळ कादंबरी जयंत देवकुळे यांची, ‘आशा परत येते’.

गोष्ट थोडक्यात अशी. एका वकिलाची बायको वारते. त्यानं तिचं मरण डोळ्यांनी पाहिलंय. पुढे दरोडेखोरांबरोबर एक बाई पकडली जाते. चेहरा हुबेहूब तोच, आणि म्हणते, मीच तुमची बायको! मग कोर्ट. नवराबायकोतच असावं असं खाजगी ती भर कोर्टात सांगू लागते.

आता बघा, इथे ना भूत, ना पडका वाडा. रहस्य आहे ते ज्ञानाचं. लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण घातलं: माणूस तोच हे ठरतं स्मृतीवरून, देहावरून नव्हे. लॉक न्यायाधीश असता तर बाई जिंकली असती. पण चितेवर जळलेल्या देहाचं काय? काशिनाथ घाणेकरांच्या वकिलाची कोंडी नेमकी इथे आहे. प्रत्यक्ष खरं मानावं की शब्द?

हिचकॉक म्हणायचा, प्रेक्षकाला आधी सांगून टाका, मग त्याला ताटकळत ठेवा. ‘व्हर्टिगो’त (१९५८) त्यानं तसंच केलं. नायकाला कळण्याआधी गुपित आपल्याला कळतं. राजाभाऊंनी उलट केलं, वकिलाला आणि आपल्याला एकाच अंधारात बसवलं. आमच्या मते या गोष्टीला तेच जास्त शोभतं, कारण इथे ‘पुढे काय’पेक्षा ‘कुणावर विश्वास’ हा प्रश्न मोठा.

चित्रपटाला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. १९६५ साली तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ आला, १९६६ साली राज खोसलांचा ‘मेरा साया’. तो रंगीत, उदयपूरचे महाल, मदनमोहनचं संगीत. झालं! मूळ मराठी कृष्णधवल चित्रपट मागे पडला. राजाभाऊ १९७९ साली गेले, तरी आजही त्यांच्या नावापुढे ‘रहस्यपट’ हा शब्द फारसा कुणी लावत नाही. आम्हाला हे खटकतं.

आमच्या परभणीकडे तो उशिरा पोचला, तंबूत. आम्ही शाळकरी. ऐन कोर्टात रीळ बदलायला उजेड लागला आणि तंबूत दोन तट पडले. पुरुष म्हणत, बाई लबाड आहे. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ठणकावून म्हणाली, “बायकूच हाय ती. त्यालाच वळखू यिना!”

शेवट आम्ही सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा, मग म्हातारीचं काय ते ठरवा.