ख्रिस्तपुराणातील दुःखकथा

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपूर्व शनिवारपर्यंत, रविवार वगळता, चाळीस दिवसांचा उपवासकाळ ख्रिस्ती समाज पाळतो. प्रभू येशूची अटक, त्याची विटंबना, क्रुसावरील मरण यांचे चिंतन हा या काळाचा गाभा होय. मराठी भाषेत हे चिंतन किती जुने आहे, याची जाणीव आपल्या वाङ्मयप्रेमी वर्गात फारशी दिसत नाही. संत तुकाराम अद्याप बालवयात होते, तेव्हा, म्हणजे १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या पुराणात, म्हणजे उत्तरभागात, ख्रिस्ताचे चरित्र व त्याची दुःखकथा आली आहे.

ही कथा सांगणाऱ्याची स्थिती मोठी विलक्षण होती. स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांच्या मायदेशी त्या काळी कॅथलिक पंथीयांचा छळ होत असे. त्यांचे मित्र थॉमस पौंड यांना धर्मनिष्ठेपायी दीर्घ कारावास भोगावा लागला. स्टीफन्स मात्र रोमला जाऊन १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. येथे चित्र नेमके उलटे होते. स्वदेशी जो धर्म राजदंडाखाली चिरडला जात होता, त्याच्याच हाती येथे राजदंड होता. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळी येथे ग्रामस्थांनी पाच धर्मगुरूंसह अनेकांना ठार केले. पुढे वाटाघाटींसाठी बोलावलेल्या गावप्रमुखांना पोर्तुगीजांनी आसोळण्याच्या किल्ल्यात मारले. दुःख दोन्ही बाजूंच्या वाट्याला आले होते. परंतु एका बाजूला सत्ता होती, हे इतिहासाच्या अभ्यासकाला विसरता येत नाही.

अशा भूमीत, अन्यायाने दंडित झालेल्या निरपराध्याची कथा कोणत्या वाणीने सांगावी? शुभवर्तमानात अटकेच्या प्रसंगी तरवार उपसणाऱ्या शिष्याला येशू ती म्यान करावयास सांगतो. सत्तेच्या छायेत राहून हा प्रसंग श्रोत्यांपुढे मांडणे सोपे नव्हते. नवदीक्षितांना जुनी पुराणे वर्ज्य झाली होती. त्यांच्या कानांना ओवीची सवय मात्र सुटली नव्हती. स्टीफन्स यांनी ती सवय ओळखली. त्यांनी ओवी स्वीकारली, कोकणी वळणाची मराठी स्वीकारली आणि अध्यायांना 'अवस्वरु' म्हटले. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्यासही ते कचरले नाहीत. देव अवतार घेऊन दुष्टांचे निर्दालन करतो, ही कल्पना या श्रोत्यांच्या ओळखीची होती. देव स्वतःच अपराध्यासारखा खांबाला बांधला जातो, फटके सोसतो, ही कल्पना अपरिचित होती. अपरिचित कथेला परिचित छंद देणे, यातच त्यांच्या प्रतिभेची कसोटी होती. ज्या समाजाचे बरेच काही हिरावले गेले होते, त्याची भाषा तरी त्यांनी गौरवाने उचलली.

ही भाषाही पुढे संकटात सापडली. १६४९ व १६५४ साली पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट आल्व्होर यांनी आज्ञा काढली, की लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी. जी राजसत्ता या धर्माची पाठराखीण म्हणवीत होती, तिनेच त्या धर्माच्या मराठी मुखावर हात ठेवावा, हा दैवदुर्विलास होय. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या आणि गाणाऱ्यांच्या बळावर. मंगळूरकडे गेलेल्या कोकणी भाषक ख्रिस्ती कुटुंबांनी तो विसाव्या शतकापर्यंत कंठात ठेवला. तेथेच १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी तो रोमन लिपीत संपादून छापला. देवनागरीत तो शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने १९५६ साली आला. मूळ प्रकाशनानंतर तब्बल ३४० वर्षांनी मराठी वाचकाला तो आपल्या लिपीत वाचावयास मिळाला.

भोपाळसारख्या हिंदीभाषक नगरात मराठी जतन करणाऱ्या आपणां शिक्षकांना या इतिहासात विशेष बोध आहे. मंगळूरच्या त्या कुटुंबांना ना राजाश्रय होता, ना पाठ्यपुस्तके. मोठ्याने वाचण्याची व गाण्याची रीत तेवढी होती. आपल्या वर्गांत ज्ञानेश्वरीच्या ओव्या म्हटल्या जातात. त्यांच्या जोडीला ख्रिस्तपुराणातील हा दुःखभागही विद्यार्थ्यांकडून वाचवून घ्यावा. तो समजावून देताना कुंकळीचा प्रसंग वगळू नये आणि स्टीफन्स यांचे भाषाप्रेमही झाकू नये. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, तरच त्या ओव्यांमागील माणसे आणि त्यांचा काळ विद्यार्थ्यांना यथार्थ कळेल.