किरायाच्या घरातील वेळेनुसार वीजदर (जिवती)

दिवसाच्या ठराविक तासांत वापरलेल्या विजेला कमी आणि इतर वेळी नेहमीचा किंवा जादा दर लावण्याच्या पद्धतीला 'टाइम ऑफ डे' किंवा टीओडी दर म्हणतात. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांसाठी ती 1 जुलै 2025 पासून लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यासारख्या डोंगरी भागात शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक, बँक कर्मचारी असे बदलीवर आलेले लोक किरायाने खोल्या घेऊन राहतात. तिथे या पद्धतीचा लाभ दरावर कमी आणि मीटर कोणाच्या नावावर आहे यावर जास्त अवलंबून असतो.

पूर्वपीठिका. कारखान्यांना वेळेनुसार दर लावण्याची पद्धत राज्यात जुनीच आहे. तेव्हा स्वस्त वेळ रात्रीची होती. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उच्चदाब उद्योगांना युनिटमागे दीड रुपयाची सूट मिळे आणि संध्याकाळी 6 ते 10 दरम्यान 1 रुपया 10 पैसे जादा आकार बसे. औष्णिक केंद्रे रात्री मागणी घटली म्हणून बंद करता येत नाहीत, म्हणून ती वीज खपवण्यासाठी ही सवलत होती. सौरऊर्जा वाढली तसे गणित फिरले आणि आता भरदुपारी वीज मुबलक असते. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. शेतीपंप वगळता सर्व ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत टीओडी दर लावावा आणि सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी असावा, असे तीत सांगितले. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2025 च्या आदेशानुसार महावितरणच्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या सौर तासांतील वापरावर पहिल्या वर्षी युनिटमागे 80 पैसे सूट ठरली. ती टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत नेण्याचे ठरले.

निवड कितपत? ब्रिटनमध्ये 1978 पासून 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा रात्रीच्या सात तासांचा स्वस्त दर आहे. तिथे वीजबिल स्वतः भरणारा भाडेकरू कोणता दर घ्यायचा हे ठरवू शकतो. आपल्याकडे अशी निवड नाही. टीओडी मीटर बसला की दर आपोआप लागू होतो. जुना मीटर असेल तर सवलत नाही. त्यामुळे 'टीओडी घ्यावा की साधा दर ठेवावा' हा प्रश्न जिवतीत प्रत्यक्षात 'खोलीला कोणता मीटर आहे आणि तो कोणाचा आहे' असा होतो. टीओडी मीटर वेळेच्या कप्प्यांनुसार युनिट स्वतःच्या स्मृतीत साठवतो. त्यामुळे पहाडावर मोबाइलचे नेटवर्क गेले तरी दिवसाची नोंद पुसली जात नाही.

बचतीचा हिशेब. सकाळी साडेनऊला शाळेत जाऊन पाचनंतर परतणाऱ्या एकट्या शिक्षकाच्या खोलीत दिवसा फक्त फ्रिज चालू असतो. फ्रिजचा दिवसाचा वापर एक युनिट धरला तर सौर तासांत त्याचा तिसरा हिस्सा पडतो. महिन्याला दहा युनिट, म्हणजे सूट आठ रुपये. इस्त्री, इंडक्शनवरचा स्वयंपाक, पाण्याचा हीटर ही जड कामे सकाळी नऊच्या आत किंवा दिवेलागणीनंतरची असतात. तीच खोली घरी राहणाऱ्या आई-वडिलांची किंवा लहान मुलांच्या कुटुंबाची असेल तर चित्र बदलते. चंद्रपूरच्या मे महिन्यात सुमारे 200 वॉटचा कूलर दहा ते पाच चालला की रोज 1.4 युनिट होतात. त्यात फ्रिज, पंखा, टीव्ही मिळवले की दिवसाचे सव्वादोन युनिट आणि महिन्याला पन्नास-साठ रुपयांची सूट. घरगुती ग्राहकाच्या वीजबिलावर 16 टक्के वीज शुल्क असते, तेही तेवढ्या प्रमाणात कमी होते. सूट खरी आहे, पण ती दिवसा घरी असणाऱ्यालाच मिळते.

टप्प्यांचा भार. किरायदाराच्या खिशाला खरी झळ इथे बसते आणि टीओडीच्या चर्चेत तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. घरगुती दर 1 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 युनिटांच्या वर अशा टप्प्यांत आहे. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त असतो. फरक युनिटमागे पाच रुपयांच्या आसपास. समजा एका घरमालकाच्या तीन खोल्या एकाच मीटरवर आहेत आणि प्रत्येक बिऱ्हाड महिन्याला 80 युनिट वापरते. एकूण 240 युनिट झाले, त्यातले 140 दुसऱ्या टप्प्यात गेले. प्रत्येक बिऱ्हाडाचा मीटर वेगळा असता तर सगळे युनिट पहिल्या टप्प्यात राहिले असते. फरक सुमारे 700 रुपयांचा. दोन जादा मीटरचा स्थिर आकार प्रत्येकी सव्वाशे-दीडशे धरून वजा केला तरी चारशेच्या वर उरतात. कोणतीही 80 पैशांची सूट याची बरोबरी करू शकत नाही.

सबमीटर. बहुतेक घरमालक खोलीबाहेर छोटा सबमीटर लावून युनिटला एकच ठोक दर घेतात. सबमीटर फक्त एकूण युनिट मोजतो. ते दुपारी पडले की रात्री, हे त्याला कळत नाही. मुख्य मीटर टीओडी असला तरी दुपारची सूट बिल ज्याच्या नावावर आहे त्याच्या खात्यात जमा होते, कूलर लावून ती कमावणाऱ्याच्या नव्हे. सवलतीची रचना करताना किरायदाराचा विचार झालेला नाही, ही या पद्धतीतली उघड उणीव आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी. तोवर खोली घेतानाच दर महिन्याचे मूळ बिल दाखवण्याची आणि सूट वापराच्या प्रमाणात वाटण्याची बोली करणे, आणि ती करारनाम्यात लिहून घेणे, हाच व्यवहार्य उपाय.

स्वतःचा मीटर. वीज कायदा, 2003 च्या कलम 43 नुसार जोडणी मागण्याचा हक्क मालकाप्रमाणेच जागेच्या भोगवटादारालाही आहे. ग्रामीण भागात 15 दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात 30 दिवसांत जोडणी द्यावी, अशी 2024 च्या दुरुस्तीची मुदत आहे. करारनामा, ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते. दोन वर्षांत बदली होणारा कर्मचारी या खटाटोपात सहसा पडत नाही. पाच-सहा वर्षे राहणाऱ्या कुटुंबाने मात्र तो जरूर करावा. तक्रार असल्यास महावितरणच्या चंद्रपूर परिमंडलातील कार्यालयांकडे, पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे जाता येते.

सीमेवरील गावे. तालुक्यातील 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा असून तिथे दोन्ही राज्यांच्या सोयी पोहोचलेल्या आहेत. तेलंगणात गृहज्योती योजनेखाली मार्च 2024 पासून पात्र रेशनकार्डधारकांना महिन्याला 200 युनिटांपर्यंत शून्य बिल येते. परंडोळी, महाराजगुडा, मुकदमगुडा या गावांतील माणूस युनिटमागच्या 80 पैशांची तुलना या शून्याशी करतो. 2,920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात असताना वीज इतकी महाग का, हा त्याचा प्रश्न रास्त आहे.