भुकेला कोंडा : डेन्मार्कच्या एका वर्षाचा हिशेब

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण दारिद्र्याची परिसीमा दाखविण्यासाठी योजतो. कोंडा खाणारा तो कंगाल, हे आपण गृहीतच धरून चालतो. परंतु युरोपातील एका सधन राष्ट्राने पुरते एक वर्ष कोंड्याचा पाव खाऊन काढले आणि त्या वर्षी तेथील मृत्यूचे प्रमाण वाढण्याऐवजी घटले. ते राष्ट्र डेन्मार्क, आणि ते वर्ष ऑक्टोबर १९१७ ते ऑक्टोबर १९१८. आपल्याकडे शाकाहाराची चर्चा बहुधा धर्माच्या नाही तर रुचीच्या अंगाने होते. ही हकीकत निराळ्या अंगाची, म्हणजे हिशेबाची आहे.

हा देश लहान. त्या काळची वस्ती सुमारे तीस लाख. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेचे व रशियाचे स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात आले आणि धान्य विकून जगणारा डॅनिश शेतकरी संकटात सापडला. त्याने मग धान्य विकण्याचे सोडून ते जनावरांना चारण्यास आरंभ केला. १८८२ साली जटलंडमध्ये पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली, पाठोपाठ सहकारी कत्तलखाने निघाले आणि इंग्रजांच्या न्याहारीतले लोणी व डुकराचे मांस डेन्मार्कहून जाऊ लागले. सहकाराच्या इतिहासातले हे सोनेरी पान खरेच. मात्र या वैभवाचा पाया दुसऱ्यांच्या शेतात होता. गाई-डुकरांचे खाद्य, आणि माणसांच्या पावाचे धान्यदेखील, बरेचसे परदेशातून येत असे.

फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध पुकारले आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. डेन्मार्क तटस्थ होते, पण तटस्थाच्या बंदरातही जहाजे येईनात. घरात होते तेवढे धान्य डुकराला घालावे की माणसाला, असा रोकडा प्रश्न उभा राहिला.

याचे उत्तर मिकेल हिंडहेडे या डॉक्टरांपाशी तयार होते. ते जटलंडमधल्या शेतकऱ्याचे पुत्र आणि कोपनहेगनच्या सरकारी पोषण-प्रयोगशाळेचे प्रमुख. श्रमकरी माणसाला रोज ११८ ग्रॅम प्रथिन हवे, हे म्युनिकच्या फॉइट यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. हिंडहेडे यांनी बटाटे आणि मार्गारिन एवढ्यावर माणसे महिनोन्‌महिने ठेवून, त्यांच्याकडून कष्टाची कामे करवून, हे मत खोडून काढले होते. धान्य डुकराच्या पोटातून फिरवून माणसाच्या ताटात आणले, तर त्यातील पोषणाचा मोठा भाग वाटेतच खर्ची पडतो. तेच धान्य माणसाने थेट खाल्ले, तर कितीतरी अधिक तोंडे जगतात, हा त्यांचा मुद्दा. सरकारने तो मानला. सुमारे चार-पंचमांश डुकरे कमी करण्यात आली. गाई मात्र बहुतांशी राखल्या, कारण दुधाच्या रूपाने गाय खाल्लेल्याचा मोबदला बरा देते. रायचे पीठ कोंड्यासकट दळले जाऊ लागले. पाव, जवाची पेज, बटाटे, भाजीपाला, दूध आणि थोडे लोणी हा राष्ट्राचा आहार ठरला.

पूर्वी दर हजारी मृत्यूचे प्रमाण १२.५ च्या आसपास असे. त्या वर्षी ते १०.४ वर आले. पुढे इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि हा अनुभव तेथेच थांबला. हिंडहेडे यांनी सारे श्रेय आहाराला दिले. पण इतिहासाने एवढ्यावर निकाल देऊ नये. त्याच काळात दारू गाळण्यासाठी धान्य मिळेनासे झाले होते आणि करामुळे कडक दारूची किंमत दहापटींहून अधिक चढली होती. दारू सुटल्यानेही माणसे वाचली असणार. तेव्हा मांसाचा त्याग आयुष्य वाढवितो, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. मांस जवळजवळ नाहीसे होऊनही राष्ट्र खंगले नाही, एवढे मात्र निश्चित सिद्ध होते.

याच हकीकतीला दुसरी बाजू आहे. युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत लोणी चढ्या भावाने परदेशी जाई आणि गरिबांची मुले साय काढलेल्या दुधावर व मार्गारिनवर वाढत. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख यांना अशा मुलांत डोळे कोरडे पडून आंधळेपण येणारा रोग आढळला. आज आपण त्याला ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव म्हणतो. १९१७ च्या अखेरीस लोण्याचे रेशन सुरू झाले, माणशी आठवड्याला पाव किलो लोणी बेताच्या भावात मिळू लागले आणि हा रोग ओसरला. देशात लोणी होतेच. ते गरिबाच्या पोराच्या पावापर्यंत पोहोचत नव्हते. आहार साधा असणे पुरेसे नाही. तो पुरा असला पाहिजे आणि सर्वांना मिळाला पाहिजे.

शेजारच्या जर्मनीकडे पाहिले म्हणजे वाटपाचे महत्त्व अधिकच पटते. तेथेही १९१५ साली धान्य वाचविण्यासाठी लक्षावधी डुकरे मारली गेली. पण वाटपावर सरकारची पकड बसली नाही, १९१६ चे बटाट्याचे पीक बुडाले आणि पुढच्या हिवाळ्यात लोकांना गुरांना घालायच्या कंदांवर दिवस काढावे लागले. जर्मनी प्रत्यक्ष लढत होती, हा मोठा फरक विसरता येणार नाही. तरी नुसती डुकरे मारल्याने माणसे जगत नाहीत, हेही खरे.

युद्ध संपले, जहाजे आली आणि डुकरेही आली. काही वर्षांतच त्यांची संख्या पूर्वीच्याही पुढे गेली. आज डेन्मार्कच्या शेतजमिनीचा मोठा भाग जनावरांचे खाद्य पिकविण्यात गुंतला आहे आणि शेतांतून वाहून जाणाऱ्या नत्रामुळे तेथील खाड्यांतला प्राणवायू घटून मासे मरतात. म्हणूनच २०२१ च्या सरकारी आहार-सल्ल्यात आरोग्याबरोबर हवामानाचाही विचार आला. कडधान्ये आणि भाज्या अधिक, मांस कमी, असे त्याचे सार आहे. २०२३ साली वनस्पतिजन्य अन्नासाठी राष्ट्रीय योजना जाहीर झाली आणि जनावरांपासून निघणाऱ्या वायूंवर २०३० पासून कर बसविण्याचे २०२४ मध्ये ठरले.

१९१७ साली हा हिशेब पाणबुड्यांनी करावयास लावला. आज दारात कोणतीही पाणबुडी नाही. तोच हिशेब खुशीने मांडावा लागणार आहे. नाकेबंदी एके दिवशी उठते. पण कस गेलेली जमीन आणि तापलेली हवा कोणत्याही तहाने पूर्ववत होत नाही. म्हणून आठवड्यातली काही जेवणे भाकरी, उसळ आणि पालेभाजी यांवर भागवावीत, असे कोणी सुचविले, तर त्याला उपासमारीचा पुरस्कर्ता समजू नये. फक्त तसे सुचविताना, ज्या घरात आजही मुलाला पुरेसे दूध मिळत नाही, त्या घराचा हिशेब आधी मांडावा.