पेटी, तबकडी आणि वऱ्हाडचा प्रेक्षक

वऱ्हाड हा चित्रपट निर्माण करणारा प्रांत नव्हे. तो चित्रपट पाहणारा प्रांत आहे. कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे जे तयार झाले ते आमच्याकडे पेटीत बंद होऊन आले, आठवडा-दोन आठवडे मुक्कामास राहिले आणि त्याच पेटीतून परत गेले. चित्रपटाचा इतिहास लिहिणारांनी स्टुडिओंचा व नटनट्यांचा इतिहास भरपूर लिहिला. पेटी जेथे उतरत असे त्या गावांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही. आज आम्हांस श्रोत्यांपुढे एक साधा प्रश्न मांडावयाचा आहे. मोबाईलवर बोट ठेवताच हवा तो चित्रपट दिसतो अशा काळात, घरच्या कपाटात सीडी व डीव्हीडी जमवून ठेवणाऱ्या माणसाच्या खटाटोपाला काही अर्थ आहे काय? त्याचे उत्तर आम्हांस ह्या पेटीच्या इतिहासात सापडते, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

चित्रपटाच्या व्यापाऱ्यांनी वाटपाच्या सोयीसाठी देशाचे जे विभाग पाडले त्यांस ते 'टेरिटरी' म्हणतात. आमच्या विभागाचे नाव 'सी. पी. बेरार'. वऱ्हाड 1903 मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला, 1956 मध्ये आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहोत. सरकारी नकाशावरून बेरार पुसला गेला, शाळेच्या भूगोलातून गेला. पण वितरकांच्या वहीतून तो गेला नाही. मेलेल्या प्रांताचे नाव चित्रपटाच्या धंद्याने जिवंत ठेवावे ही गंमतच म्हटली पाहिजे. ह्या विभागाच्या वितरणाची मोठी ठाणी दोन, भुसावळ आणि अमरावती. मुंबईहून पेटी अमरावतीस यावी, येथील कचेरीतून अकोल्याच्या माणेक किंवा वसंत टॉकीजला जावी, तेथून लहान गावी, आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत, असा तिचा प्रवास. तंबूत पोहोचेपर्यंत फितीवर इतके ओरखडे पडलेले असत की पडद्यावर सदासर्वदा पाऊसच पडतो आहे असे वाटावे. अमरावतीत चित्रा, प्रभात, श्याम ह्या टॉकीजची नावे चौकांना चिकटली आणि पत्ता सांगताना आजही तीच उपयोगी पडतात.

एक रीळ सुमारे 1000 फुटांचे, ते चालणार अकरा मिनिटे. म्हणजे तीन तासांच्या चित्रपटाला सोळा-सतरा रिळे. अशी जड पेटी घरी ठेवण्याची कल्पनाही कोणास शिवली नाही, आणि शिवली असती तरी ठेवता आली नसती, कारण पेटी कोणाच्याच मालकीची नव्हती. टॉकीजवाल्याकडे ती आठवड्यापुरती, वितरकाकडे कराराच्या वर्षांपुरती. करार संपला की प्रत परत करावयाची किंवा नष्ट करावयाची. वऱ्हाडच्या तीन पिढ्यांनी हजारो चित्रपट पाहिले. त्यांतील एकही त्यांच्यापाशी उरला नाही. उरली ती फक्त आठवण.

ज्यांनी चित्रपट निर्माण केले त्यांच्यापाशी तरी ते उरले काय? दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. त्याचा आज केवळ काही भाग उपलब्ध आहे. हिंदुस्थानात 1,300 हून अधिक मूकपट निघाले. पूर्ण व अपूर्ण मिळून आज तीसेक शिल्लक असतील. पहिला बोलपट 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईत झळकला. त्याची एकही प्रत कोठेही राहिलेली नाही. जुनी फीत नायट्रेटची, ठिणगी पडताच पेट घेणारी. शिवाय तिच्यात चांदी असे, आणि चांदी काढून घेण्यासाठी किती फिती गेल्या याची गणती नाही. पुण्यास 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, वारसांच्या घरांतून व गोदामांतून रिळे गोळा केली. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आपण पाहू शकतो ते बव्हंशी त्यांच्या चिकाटीमुळे. परंतु 2003 मध्ये पुण्यासच आग लागली आणि साठवणीतील नायट्रेटच्या फिती मोठ्या प्रमाणावर जळाल्या. एकाच कोठारावर सारी भिस्त ठेवण्यातला धोका त्या दिवशी दिसला.

पुस्तकाचे तसे नाही. 1954 च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत देशातील ठराविक चार ग्रंथालयांत पाठवावी लागते. चित्रपटासाठी सार्वजनिक ग्रंथालयाकडे प्रत देण्याचा असा कायदा झालाच नाही. ज्या देशात लोक चित्रपटाला जवळजवळ पुराणासारखे मानतात, त्या देशात ही उदासीनता असावी याचे आम्हांस नवल वाटते.

पेटीचा हा क्रम मोडला तो घरगुती व्हिडिओने. 1982 च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी संच व व्हीसीआर आपल्याकडे येऊ लागले. मग भाड्याचा संच, सोबत तीन-चार कॅसेट आणि रात्रभराचे जागरण हा गणपतीचा व लग्नघराचा नित्याचा कार्यक्रम होऊन बसला. तरी कॅसेट भाड्याचीच होती. खरी मालकी आणली ती तबकडीने. व्हीसीडी 1993 ची. एका तबकडीत सव्वा तासाच्या आत-बाहेर चित्र मावे, म्हणून मध्यंतर आले की उठून दुसरी घालावयाची. मग 1996 मध्ये डीव्हीडी निघाली आणि पुढे दहा वर्षांनी ब्लू-रे. आरंभी अस्सल तबकडीची किंमत शेकड्यांत असल्याने बसस्थानकाबाहेरचा सीडीवाला चोरट्या प्रतींवरच जगत होता. 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांस व डीव्हीडी 34 रुपयांस विकावयास काढली, आणि शाळामास्तर, बँकेतला कारकून, तालुक्याचा छोटा दुकानदार ह्यांनाही चित्रपट 'विकत घेऊन ठेवणे' शक्य झाले. वऱ्हाडच्या इतिहासात प्रथमच पेटी परत गेली नाही. घराघरांत देवाच्या पोथ्यांच्या खालच्या फळीवर तबकड्यांची रांग लागली.

हा काळ मोजून वीस-पंचवीस वर्षांचा. 2016 च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओने स्वस्त इंटरनेट दिले. 2018 मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीतून विसर्जनाकडे गेली. ज्या नेटफ्लिक्सचा जन्मच टपालाने डीव्हीडी पाठवण्याच्या धंद्यातून झाला होता, तिने तो धंदा 29 सप्टेंबर 2023 रोजी बंद केला. सोनीने 2025 च्या फेब्रुवारीत घरी लिहिण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. म्हणजे पेटी पुन्हा परत गेली. ह्या वेळी ती कोठे ठेवली आहे हेही प्रेक्षकाला ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल की, पेटी कोठे का असेना, चित्रपट दिसतो आहे ना? आम्हांस हा आक्षेप क्षुल्लक वाटत नाही. दर्यापूरच्या विद्यार्थ्याला आज जपानी वा इराणी चित्रपट पाहता येतो. तो आमच्या तारुण्यात अमरावतीच्या वितरकालाही मिळाला नसता. पण दिसणे आणि असणे ह्या दोन गोष्टी आहेत. स्ट्रीमिंगवरचा चित्रपट हा कराराने आलेला असतो. मुदत भरली की तो जातो, आणि जाताना निरोप घेत नाही. कधी मुदतीपूर्वीही जातो. 2024 च्या जानेवारीत 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून एकाएकी काढण्यात आला. तक्रार योग्य की अयोग्य हा वाद आम्ही येथे घालीत नाही. ज्याने वर्गणी भरली होती त्याला ह्या बाबतीत विचारण्याचे कारणच नव्हते, एवढेच दाखवावयाचे आहे.

आणि पाठाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. 'शोले' 1975 मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा सेन्सॉरच्या आग्रहाने त्याचा शेवट बदलण्यात आला. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. तो मूळ शेवट पुढे अनेक वर्षे लोकांना ठाऊक राहिला तो चित्रपटगृहांमुळे नव्हे, तर घरगुती कॅसेट आणि तबकड्यांमुळे. 2025 मध्ये इटलीतील बोलोन्या येथे त्या शेवटासह सिद्ध केलेली प्रत दाखवली गेली, त्याच्या किती आधीपासून ती कथा कपाटांतून फिरत होती! एकच कोठार असते तर एकच पाठ राहिला असता, आणि तो कोणता हे कोठारवाल्याने ठरवले असते.

ही गोष्ट वऱ्हाडी श्रोत्यांस नवीन वाटू नये. अमरावतीहून फार दूर नाही अशा रिद्धपुरास तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी गेली असे महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ वाचला तो पाठांतर केलेल्या शिष्यांमुळे आणि पुढे मठामठांत होत राहिलेल्या नकलांमुळे. नकला अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राची जी आवृत्ती सिद्ध केली ती अनेक पोथ्या ताडून पाहूनच. एकच पोथी असती तर ताडून पाहण्यास काही नव्हते. त्या पोथ्या सांभाळणारे सारेच विद्वान नव्हते. कित्येकांस आपण काय सांभाळतो आहोत याची कल्पना नसेल. बासनात बांधून ठेवावयाचे एवढेच त्यांस माहीत. सकळ लिपीत लिहून त्यांनी ग्रंथाला कुलूपही घातले, आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी उघडीपर्यंत बाहेरच्यांस मजकूर कळेना. डीव्हीडीवाल्यांनीही असेच कुलूप घातले होते. जगाचे विभाग पाडून प्रत्येकास आकडा दिला; हिंदुस्थानचा आकडा 5, अमेरिकेचा 1. अमेरिकेतील लेकीने हौसेने पाठवलेली तबकडी अकोल्याच्या यंत्रात चालेनाशी झाली ती ह्या आकड्यामुळे.

म्हणून कपाटवाल्या माणसाची आम्ही थट्टा करीत नाही. तथापि त्याला दोन शब्द ऐकवणेही आवश्यक आहे. पहिली गोष्ट, तबकडी अमर नव्हे. कारखान्यात ठसा उमटवून काढलेली अस्सल तबकडी बरीच टिकते, कारण तिच्यात चित्र हे अॅल्युमिनियमच्या थराखालील सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने असते. घरी 'जाळलेल्या' तबकडीत खळगे नसतात. तेथे एक रंगद्रव्य असते, आणि ऊन व उष्णता ही त्याची शत्रू. अकोल्याचा उन्हाळा 45 अंशांपलीकडे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या तबकडीने किती तग धरावा? दुसरी गोष्ट अधिक टोचणारी. आमचे संग्राहक जे जपतात ते बहुतेक असे, की जे जगात इतरत्रही सुरक्षित आहे. 'शोले' वऱ्हाडावाचून बुडणार नाही. पण गावच्या दंडारीचे चित्रण, शाळेच्या पटांगणातले कविसंमेलन, एखाद्या कीर्तनकाराचा सप्ताह ह्यांच्या तबकड्या स्थानिक छायाचित्रकाराने पाच-पन्नास काढल्या, वाटल्या आणि मूळ चित्रण पुसून त्याच फितीवर पुढचे लग्न घेतले. त्यांची प्रत पुण्यास नाही, मुंबईस नाही, कोणत्याही कंपनीच्या यंत्रात नाही. संत गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ गेले. त्यांचा आवाज आपण आज ऐकतो तो केवळ एवढ्यासाठी, की त्याच वर्षी नोव्हेंबरात वांद्रे येथील त्यांचे कीर्तन कोणाला तरी मुद्रित करून ठेवावेसे वाटले. आयुष्यभर त्यांनी कीर्तने केली. आवाज राहिला तो अशा एखाद्याच रात्रीचा.

चोरट्या प्रतींविषयी आम्हांस विचारले जाते. कायदा स्पष्ट आहे. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो, तोवर नकला काढून विकणे हा गुन्हा होय. पण विकत घेतलेली अस्सल तबकडी जपणे, तिची यादी करणे, मित्रास पाहावयास बोलावणे, यांस कोणाची आडकाठी नाही. यादीविषयी मात्र आमचा आग्रह आहे. नाव, वर्ष, काढणाऱ्या कंपनीचे नाव, किती मिनिटे, शेवटची कधी चालवून पाहिली, एवढी पाच घरांची वही पुरे. अकोल्याच्या व अमरावतीच्या जुन्या वाचनालयांनी अशा वह्यांच्या नकला आपल्याकडे ठेवून घेतल्या तर कोणती वस्तू कोणाच्या घरी आहे हे निदान कळेल. यादीवाचून संग्रह म्हणजे अडगळ, आणि अडगळीची वाट भंगारवाल्याच्या गाडीकडे जाते.

ही वाट आम्ही पाहिलेली आहे. गेल्या वर्षी एका भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने आलेल्या तबकड्यांचा ढीग आम्ही उचलला. बहुतेक हिंदी चित्रपट, काही आरत्या, दोन कोऱ्या. एकीवर निळ्या शाईने केवळ 'दंडार, रात्र दुसरी' एवढे लिहिलेले आहे. गावाचे नाव नाही, साल नाही. मशालीचा उजेड आहे, मागे कापसाच्या गाड्या उभ्या दिसतात, आणि एक म्हातारा असा गातो की ऐकत राहावे. चाळिसाव्या मिनिटाला चित्र अडकते आणि पुढे यंत्र तबकडी बाहेर टाकते. तीन निरनिराळ्या यंत्रांत आम्ही घालून पाहिली. ह्या सभेत किंवा सभेबाहेर कोणाकडे तिची दुसरी प्रत असेल, अथवा पहिली रात्र असेल, तर व्याख्यान संपल्यावर त्यांनी अवश्य भेटावे. यंत्र आम्ही बरोबर आणलेले आहे.