कुसूलधान्य आणि पेव

गृहस्थानें घरीं किती धान्य सांठवावें, हा प्रश्न माजघरांतला खरा. पण स्मृतिकारांनीं तो आपल्या कक्षेंत घेतला आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत ब्राह्मण गृहस्थाचे कुसूलधान्यक, कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरतें बाळगणारा व उद्यांचेंहि न ठेवणारा असे चार प्रकार सांगून पुढचा पुढचा श्रेष्ठ मानला आहे. कुसूल म्हणजे कोठार; पण तें केवढें? कुल्लूकाच्या मतें तीन वर्षें पुरेल एवढें, तर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरास मिताक्षरेंत बारा दिवसांचा संचय पुरेसा वाटतो. एका शब्दाच्या अर्थांत एवढें अंतर! आम्हांस वाटतें कीं, दोघेहि अपरिग्रहाचें माप ठरवीत आहेत, दुष्काळाचें नव्हे.

दुष्काळाचा विचार अर्थशास्त्रांत आहे. कोष्ठागारांतील अर्धें धान्य जानपदांच्या आपत्तीसाठीं राखावें, अर्धें वापरावें आणि जुन्याच्या जागीं नवें भरीत जावें, असें कौटिल्य सांगतो. नियम राजाचा, परंतु घरचा सांठा थोडक्या खर्चांत राखण्याची रीतहि हीच. सुगीस स्वस्त असतां भरावें, जुनें आधीं खावें.

देशावर हें काम कणगीनें व पेवानें केलें. कणगी शेणामातीनें लिंपलेली, वर्षाच्या बेगमीची. पेव मात्र विलक्षण वस्तु. मुरमाड जमिनींत अरुंद तोंडाचा, रुंद पोटाचा खड्डा खणून, कडेनें कडबा लावून ज्वारी भरीत व तोंड दगडमातीनें बंद करीत. कोंडलेलें धान्य आंतील प्राणवायु संपवितें, अंगारवायु सांचतो व किडे मरतात. त्याच वायूनें माणूसहि मरतो. म्हणून उघडल्यावर वारा खेळूं दिल्यावांचून जाणता मनुष्य आंत उतरत नसे. ओल शिरली तर कडेची ज्वारी कुजे, उरलेलीस वास लागे. तरी १८७६-७८ सारख्या दुष्काळांत वासाची तक्रार कोण करणार? मावळांत व कोंकणांत गरिबाचा आधार नाचणी. तिला कीड सहसा लागत नाहीं व ती वर्षानुवर्षें टिकते.

सांगलीजवळ हरिपूर येथें हळदीचीं पेवें होतीं. त्यांपैकीं कित्येक २००५ च्या महापुरांत निकामी झालीं. कागदांची गत याहून वाईट. सनद दिसली कीं संग्राहक ती जपतो, आणि त्याच रुमालांतली घरखर्चाची मोडी वही रद्दींत जाते. वस्तुतः कोणत्या महिन्यांत किती खंडी भरली, किती पायली उपसली, हें त्या वहींतच सांपडणार. कुसूल केवढें, याचें उत्तर टीकाकारांपेक्षां तीच नेमकें देईल. ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या असतील त्यांनीं धान्याच्या पानांची नक्कल मंडळाकडे धाडावी. गांवाचें नांव अवश्य लिहावें, कारण पायली सर्वत्र सारखी नव्हती.