‘सीक्वेल’ची जडणघडण : एका पृच्छाभाषेचा इतिहास व तिचा वाक्यक्रम

विदा-विश्लेषणाच्या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास आज प्रारंभीच जी भाषा शिकावी लागते, ती ‘एस्क्यूएल’ होय. संगणकशास्त्राचेच नव्हे, तर अर्थशास्त्र, भूगोल व भाषाविज्ञान या विषयांचे विद्यार्थीही आता तिच्याकडे वळू लागले आहेत. परंतु ते ती बहुधा सूत्रे पाठ करावीत तशी शिकतात. ही भाषा कोणी व कोणासाठी घडविली हे ठाऊक नसल्यामुळे तिच्यातील काही अडचणी त्यांस स्वतःच्या बुद्धीचा दोष वाटू लागतात. त्या अडचणींचे मूळ पुष्कळ अंशी भाषेच्या इतिहासात आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९६० नंतरच्या दशकात चार्ल्स बॅकमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रचलेल्या डेटाबेस-व्यवस्थेत नोंदी एकमेकींस साखळीप्रमाणे जोडलेल्या असत. कोणती माहिती हवी एवढेच सांगून तेथे भागत नसे. ती कोणत्या साखळीने, कोणत्या नोंदीवरून पुढे जाऊन आणावयाची, हेही प्रोग्रामरलाच सांगावे लागे. १९७३ सालच्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात बॅकमन यांनी प्रोग्रामरला नावाड्याची उपमा दिली, ती याच अर्थाने.

या नौकानयनाची गरजच नाहीशी करणारा विचार एडगर कॉड यांनी मांडला. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या गणितज्ञाने जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सर्व विदा कोष्टकरूप संबंधांत मांडावी, आणि ती यंत्रात कशी साठविली आहे याचा भार वापरणाऱ्यावर पडू नये, असे प्रतिपादन केले. १९७२ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन यांनी कॉड यांचे विवेचन प्रत्यक्ष ऐकले. आपल्या वरिष्ठापेक्षा अधिक वेतन मिळविणारे कर्मचारी शोधून काढणे यासारख्या कामासाठी जेथे पानेच्या पाने लिहावी लागत, तेथे कॉड यांच्या पद्धतीने एखाददुसरी ओळ पुरत असे. तथापि ती ओळ गणिती चिन्हांची होती आणि सामान्य माणसास ती वाचता येणे कठीण होते.

चेंबरलिन व त्यांचे सहकारी रेमंड बॉइस यांनी प्रथम ‘स्क्वेअर’ नावाची भाषा रचली. तिच्यातही ओळीखाली लिहावयाची चिन्हे असल्यामुळे ती टंकित करणे गैरसोयीचे होते. म्हणून त्यांनी चिन्हांच्या जागी साधे इंग्रजी शब्द घातले, आणि १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ जगापुढे आली. हिशेबनीस, अभियंते, वास्तुशिल्पी व नगररचनाकार अशा, संगणकाचे तज्ज्ञ नसलेल्या लोकांस ती वापरता यावी, अशी त्यांची अपेक्षा होती. दुर्दैवाने त्याच वर्षी बॉइस यांचे निधन झाले. फिलिस राइस्नर यांनी या दोन्ही भाषा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस शिकवून त्यांची सुलभता पडताळून पाहिली. एखाद्या संगणकभाषेची परीक्षा तिच्या शिकाऊ वापरकर्त्यांकडून घेण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. पुढे ‘सीक्वेल’ हे नाव एका ब्रिटिश विमान-कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याचे आढळल्याने ते ‘एस्क्यूएल’ असे आखूड करण्यात आले. १९८६ मध्ये अमेरिकेत व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचे प्रमाणीकरण झाले.

आता भाषेच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटणारा मुद्दा पाहू. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात क्रियापद आरंभी येते. त्याच वळणाने येथेही ‘सिलेक्ट’ प्रथम, मागाहून ‘फ्रॉम’ व त्यानंतर ‘व्हेअर’ असा क्रम ठरला. परंतु अर्थनिष्पत्तीचा क्रम निराळा आहे. प्रथम कोष्टक निश्चित होते, मग अटीने ओळी गाळल्या जातात, नंतर गट पडतात, आणि स्तंभांची निवड त्याहीनंतर होते. म्हणूनच ‘सिलेक्ट’मध्ये एखाद्या स्तंभास दिलेले नवे नाव ‘व्हेअर’मध्ये वापरले असता प्रमाण भाषेत ते ओळखले जात नाही, मात्र ‘ऑर्डर बाय’मध्ये चालते. वर्गात या ठिकाणी गोंधळलेले विद्यार्थी मी अनेकदा पाहिले आहेत. आपण वर लिहिलेले नाव खाली का चालू नये, हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो. त्याचे उत्तर असे की, लिहिण्याचा क्रम इंग्रजी वाक्याचा आहे, अर्थाचा नव्हे.

हीच पृच्छा मराठीत मांडून पाहावी : ‘कर्मचाऱ्यांच्या कोष्टकातून, ज्यांचे वेतन ५०,००० रुपयांहून अधिक आहे, त्यांची नावे निवडा.’ येथे आधी कोष्टक, मग अट, शेवटी निवड, असा अर्थनिष्पत्तीचाच क्रम आपोआप साधतो. क्रियापद अंती ठेवण्याची मराठीची रीत आणि ‘जो–तो’ ही सहसंबंधी रचना या दोन्ही येथे उपयोगी पडतात. यावरून मराठीचे काही विशेष श्रेष्ठत्व सिद्ध होते असे मात्र नव्हे, कारण क्रियापद अंती ठेवणाऱ्या इतर भाषांतही असेच घडेल. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘सी शार्प’ भाषेत पृच्छांची सोय केली, तेव्हा ‘फ्रॉम’ आरंभी व ‘सिलेक्ट’ अंती ठेवले. जुन्या क्रमाची गैरसोय भाषाकारांसही जाणवली होती, एवढे त्यावरून दिसते.

तेव्हा अध्यापकांस एक सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्याने पृच्छा प्रथम मराठीत पूर्ण वाक्याने लिहावी, तिचे घटक पाडावेत, आणि मगच त्यांची मांडणी ‘एस्क्यूएल’च्या क्रमाने करावी. चेंबरलिन व बॉइस यांनी ज्यांच्यासाठी ही भाषा योजिली, त्यांच्यापेक्षा ती पुढे व्यावसायिक प्रोग्रामरांच्याच हाती अधिक राहिली. आज विश्लेषणाच्या निमित्ताने इतर विद्याशाखांचा विद्यार्थी तिच्याकडे येत आहे. मूळ योजनेतील वाचक तोच होता, ही गोष्ट पहिल्याच तासाला त्यास सांगितली पाहिजे.