परदेशी भाडेकरू ठेवलाय? ‘फॉर्म ३’ (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) घरमालकाने भरायचा असतो

चाकणच्या कंपनीत नोकरीला आलेला परदेशी इंजिनिअर पिंपळे गुरवमध्ये फ्लॅट भाड्याने घेतो. भाडेकरार होतो, पोलिसांकडे भाडेकरूची नोंदही होते. घरमालकाला वाटतं, झालं काम. पण परदेशी व्यक्ती राहायला आल्यापासून २४ तासांत ‘फॉर्म ३’ ऑनलाइन भरावा लागतो, आणि तोही घरमालकानेच. पाहुणा म्हणून फुकट ठेवलं तरी!

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर भाडेकरूला भारतात आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ पोर्टलवर सहसा नोंदणी करावी लागते. तिथे हाच फॉर्म मागतात. म्हणजे आळस मालकाचा, फटका भाडेकरूला.

आधार कार्ड लगेच मिळत नाही. त्यासाठी अर्जाआधीच्या १२ महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं.